मालकांशी बोलून सांगतो

एजंट नको, हे काकांनी सकाळचा चहा बशीत ओतता ओतता ठरवलं आणि तो निवायच्या आत काकूंना सांगूनही टाकलं. निर्णय तसा लहानसाच होता. काकांचे सगळेच निर्णय सुरुवातीला लहान असतात.

काका बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेच्या एका खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे आणि कुठली लागणारच नाही, हे माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. आवाज असा भारदस्त, की "गाडी रद्द करण्यात आली आहे" असं ते म्हणाले की प्रवाशांना क्षणभर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं. इमारतीतली पोरं त्यांना भोंगाकाका म्हणत. (घरी मात्र हा आवाज लागत नसे. घरचा आवाज वेगळा. जरा बारीक, आणि वाक्याच्या शेवटी "चालेल ना?" असा वर जाणारा.)

घर विकायचं होतं ते काकूंच्या गुडघ्यांपायी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन चढताना काकू पहिल्या मजल्यावर शेजारणीशी बोलायला थांबत आणि दुसऱ्या मजल्यावर बोलायला कोणी नसलं तरी थांबत. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एजंटबाईंनी त्यांना तळमजल्यावरचं एक घर दाखवलं. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, दाराशी एकच पायरी. काकूंनी ती पायरी चढून पाहिली, उतरून पाहिली, पुन्हा चढून पाहिली आणि म्हणाल्या, "हेच." टोकन दिलं गेलं. बाकीची रक्कम महिनाअखेर द्यायची होती. म्हणजे तोवर तिसरा मजला विकला जायला हवा, नाहीतर ते अंगण दुसऱ्या कोणाचं तरी व्हायचं.

"मग हेही घर बाईंनाच विकायला देऊ," काकू म्हणाल्या.

"बाईंनी केलं काय पण?" काकांनी बशी खाली ठेवली. "कुलूप उघडलं, आत शिरल्या आणि म्हणाल्या, हे स्वयंपाकघर. ते मलाही दिसत होतं. ओटा होता तिथे. मग म्हणाल्या, ही न्हाणी. नळ होता समोर. एवढ्यासाठी दोन टक्के? मी दिवसभर अख्ख्या गावाला सांगतो कुठे काय आहे. मला देतं कोणी टक्के?"

"बरं," काकू म्हणाल्या.

काकूंचं "बरं" दोन प्रकारचं असतं. हे दुसऱ्या प्रकारचं होतं, पण काका तोवर जाहिरात लिहायला बसले होते.

जाहिरात त्यांनी सवयीने "कृपया लक्ष द्या" अशी सुरू केली. पुढे सगळं खरं लिहिलं. लिफ्ट नाही, पाणी सकाळी येतं, मागच्या भिंतीला थोडी ओल आहे पण ती जुनी आहे. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागला आणि काका खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की फोन करणारे सगळे एजंटच आहेत. प्रत्येकाला काका बजावून सांगत की आम्हाला एजंट नकोय, आणि प्रत्येकजण म्हणे, "म्हणूनच तर फोन केला."

त्यानंतर माणसं आली. आधी आले ते शेजारी. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बायकोला घेऊन आले, सगळ्या खोल्यांतून हिंडले, पंख्याची बटणं दाबून पाहिली, चहा घेतला आणि आपल्याकडचे पंखे जास्त चांगले आहेत याची खात्री करून समाधानाने खाली गेले. मग एक बाई आल्या. त्यांनी टेपने खिडक्या मोजल्या. काकांना वाटलं, सौदा झाला. त्यांचा पडद्यांचा धंदा होता.

खरी गिऱ्हाइकंही आली, नाही असं नाही. पण काका घर दाखवायला लागले की गाडी भलत्याच रस्त्याला लागायची. ओलीपाशी ते थांबत आणि ती कुठल्या वर्षी कुठून कशी आली, कोणत्या प्लंबरने काय निदान केलं आणि तो कसा चुकला, हे सविस्तर सांगत. ओट्यावरची फळी त्यांनी स्वतः ठोकली होती. ती जरा कलती होती, त्यामुळे डबे दिवसभरात हळूहळू खिडकीकडे सरकत. याचंही प्रात्यक्षिक ते दाखवत. इतकं करून एका पाहुण्याने सहज विचारलं, "किंमत थोडी कमी होईल का?" काकांना ते इतकं लागलं की ते म्हणाले, "तुमच्या शर्टाची किंमत कमी करायला सांगितली तर चालेल का तुम्हाला?" पाहुण्याने आधी शर्टाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि तो गेला.

"तुम्ही घर विकत नाही हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही घराच्या बाजूने भांडता."

काकांनी यावर दोन दिवस विचार केला. काकूंचं म्हणणं त्यांना पटलं. मालकाने गिऱ्हाइकाशी बोलूच नये, मध्ये कोणीतरी हवं, इथपर्यंत ते बरोबर पोचले. एवढ्यावर थांबून एजंटबाईंकडे गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काकांच्या मनात आलं, मध्ये कोणीतरी हवं तर आपणच का नको? काकूंचा जुना फोन कपाटात पडला होता. त्यात नवं सिम घातलं, नवी जाहिरात दिली, खाली लिहिलं "एजंटशी संपर्क साधा", आणि फोन वाजला तेव्हा काकांनी घसा साफ करून स्थानकावरचा आवाज लावला.

"नमस्कार. एजंट बोलतोय."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातला डाव खाली पडला.

फोन होता एका दातांच्या डॉक्टरांचा. भला माणूस. काकांच्या आवाजावर ते पहिल्याच वाक्याला भाळले. आपला नवा दवाखाना याच भागात आहे आणि घर जवळपासच हवं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. पण एजंट त्या वेळी बाजारभाव या विषयावर बोलण्यात इतका रंगला होता की त्याने ते ऐकलं नाही.

रविवारी डॉक्टर बायकोला घेऊन घर बघायला आले. एजंटला आयत्या वेळी परगावी जावं लागलं होतं, त्यामुळे मालकांनी घर दाखवलं. घरच्या आवाजात. पुन्हा ओल, पुन्हा प्लंबर, पुन्हा डब्यांचा प्रवास. डॉक्टर जाऊन अर्धा तास होतोय तोच एजंटचा फोन वाजला.

"साहेब, घर ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचे मालक जरा विचित्र आहेत हो."

काकांनी एकदा आरशाकडे पाहिलं. "आहेत थोडे," ते गंभीरपणे म्हणाले. "पण मनाने चांगले आहेत."

"किमतीत खाली येतील का?"

खरं तर इथे "नाही" म्हणायचं होतं. पण समोरचा माणूस आपल्याला साहेब म्हणतोय, आपल्या शब्दाला मान देतोय, हे काकांना फार दिवसांनी अनुभवायला मिळत होतं. "तुम्ही काळजी करू नका," ते म्हणाले. "मालकांशी बोलून सांगतो."

फोन ठेवून ते तोंड पाडून खुर्चीत बसले.

"मग?" काकूंनी विचारलं. "काय म्हणाले मालक?"

"तयार नाहीत."

"विचारलंत?"

"विचारलं ना. नाहीच म्हणतायत."

"आणि एजंट काय म्हणतोय?"

"तो म्हणतो, थोडं खाली यायला हरकत नाही."

"दोघांनी मिळून काय ते ठरवा," काकू म्हणाल्या, "आणि जेवायला या. पान एकच वाढलंय."

पुढचा आठवडा असाच गेला. एजंट रोज डॉक्टरांशी बोले आणि रोज थोडा थोडा पाघळे. मालक रोज रात्री अंथरुणावर त्याच्या नावाने बोटं मोडत. एकदा तर काका झोपेत स्पष्टपणे म्हणाले, "असा माणूस मध्ये घालायलाच नको होता." काकूंनी अंधारात "खरंय" म्हटलं आणि कूस बदलली.

महिना संपत आला. डॉक्टर अजून हो म्हणत नव्हते आणि काकू आता अंगणाविषयी बोलायच्या थांबल्या होत्या. काकांना ते बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

एके दिवशी दुपारी स्थानकावर तोबा गर्दी होती. काकांनी माइकचं बटण दाबलं आणि घोषणा सुरू केली. "कृपया लक्ष द्या. नदीपलीकडे जाणारी जलद गाडी काही वेळातच..." इतक्यात खिशातला एजंटचा फोन थरथरला. काकांनी बटण सोडलं. निदान सोडलं असं त्यांना वाटलं. बटण जुनं होतं, ते दाबलेलंच राहिलं.

"बोला डॉक्टर," काका म्हणाले, आणि सगळ्या फलाटांवरचे कर्णे म्हणाले, "बोला डॉक्टर."

डॉक्टर आईला गाडीत बसवून द्यायला आले होते. फलाटावर उभे असताना घोषणा ऐकून त्यांना आवाज ओळखीचा वाटला, म्हणूनच त्यांनी फोन लावला होता. आता एका कानाला फोनमधून आणि दुसऱ्या कानाला कर्ण्यातून तोच माणूस बोलत होता.

"कुठे आहात साहेब?" त्यांनी विचारलं.

"एका बंगल्याच्या व्यवहारात अडकलोय," काका खिडकीतून फलाटाकडे बघत म्हणाले. "पार्टी मोठी आहे."

मोठी पार्टी सामान खाली ठेवून ऐकायला लागली. शेंगावाला ओरडायचा थांबला. एका बाईने रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला.

"मी संध्याकाळी दुसरं एक घर बघायला जातोय," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी मुद्दाम म्हटलं की सहज, हे त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही.

"अहो, थांबा, घाई करू नका. आपल्यातच राहू द्या म्हणून सांगतो," काका आवाज खाली आणून म्हणाले, आणि कर्ण्यांनी तो खालचा आवाज कोपऱ्यातल्या मुतारीपर्यंत पोचवला. "मालकांना दुसऱ्या घराचे पैसे महिनाअखेर भरायचेत. मालकीणबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जिने चढवत नाहीत. विकल्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही थोडा जोर लावा, मालक खाली येतील. हट्टी दिसतात, पण आतून अगदीच हे आहेत."

"हे म्हणजे?"

"बावळट," काका म्हणाले.

हा शब्द स्थानकाच्या पत्र्यावर आपटून परत आला, तेव्हा कुठे काकांनी तो ऐकला. त्यांनी वर पाहिलं. सगळी तोंडं काचेच्या खोलीकडे वळली होती. काचेला नाक लावून डॉक्टर उभे होते, कानाशी फोन धरून. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, पण डॉक्टर फोनवरच बोलले.

"आपण मालक की एजंट?"

काकांना स्थानकावरचा आवाज सापडेना. जो सापडला तो घरचा होता. "दोन्ही," ते म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल," फलाटावरून कोणीतरी म्हणालं, "पण त्या गाडीचं काय झालं ते सांगा आधी."

वाहतूक नियंत्रक आत आले, त्यांनी नखाने बटण वर उचललं आणि एक अक्षरही न बोलता बाहेर गेले. ते बोलले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

काका घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जिन्यात त्यांना तीन-चार माणसं भेटली आणि सगळ्यांनी काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली. काकू दारातच होत्या. काकांनी बोलणी खायची तयारी केली, चपला काढल्या, मान खाली घातली. पण काकू रागावल्या नाहीत. त्यांनी अगदी हळू विचारलं, "अंगण गेलं का हो?"

काकांनी पुन्हा चपला घातल्या. तिन्ही मजले उतरून ते तडक पलीकडच्या गल्लीत गेले.

एजंटबाई फोनवर बोलत होत्या. त्यांनी हातानेच खुर्ची दाखवली, पाण्याचा पेला पुढे सरकवला, फोन ठेवला आणि विचारलं, "बंगल्याच्या व्यवहारातून सुटलात?"

"तुम्ही होतात स्थानकावर?"

"मी नव्हते. माझे मिस्टर होते. त्यांची गाडी चुकली. म्हणाले, अर्ध्यातून उठवेना."

काकांनी मग सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "डॉक्टरांना इथेच घर का हवंय?" काकांना सांगता आलं नाही. "विचारलं नाहीत?" "बाजारभावाचं बोलत होतो," काका म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि काकांसमोरच दोन फोन केले. पहिला तळमजल्याच्या मालकाला. आठ-दहा दिवसांची सवड हवी, कागद तयार होतायत, असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की समोरच्या माणसाने हो म्हटलं. (हा फोन आपण कधीही करू शकलो असतो, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं.) दुसरा फोन डॉक्टरांना. त्यात आधी दोघंही बराच वेळ हसले. काका पंख्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. सगळ्या खोल्यांतून शांतपणे फिरल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कपाटापाशी थांबल्या.

"याच्यामागे काय आहे?"

"बाल्कनी," काकू म्हणाल्या.

"घराला बाल्कनी आहे?"

"चौकाकडची आहे," काका म्हणाले. "धूळ येते, आवाज येतो. म्हणून मी कपाट लावून टाकलं. जाहिरातीतही लिहिली नाही. उगाच गिऱ्हाइकाला वाईट का सांगायचं?"

ओलीचा इतिहास तोंडपाठ सांगणाऱ्या माणसाचं हे बोलणं बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन माणसं बोलावून कपाट हलवलं, दार उघडलं. खोलीत इतका उजेड आला की काकूंनी डोळ्यांवर हात धरला. "अगंबाई, ही भिंत पिवळी आहे होय," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आले तेव्हा बाईंनी काकांना विजेचं बिल भरायला पाठवलं. ते कालच भरलं होतं, तरी पाठवलं. त्यामुळे पुढचं सगळं काकांनी नंतर काकूंकडून ऐकलं. बाई ओलीपाशी थांबल्या, "भिंत बाहेरून दुरुस्त करावी लागेल, तेवढा खर्च मालक सोसतील," इतकंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. डॉक्टरांना त्यांनी सरळ बाल्कनीत नेऊन उभं केलं. चौकाच्या पलीकडे डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याची पाटी लावायचं काम चाललं होतं.

"इथून दार दिसतं," बाई म्हणाल्या. "पेशंट आला की दिसेल. नाही आला तर आरामात पडा."

"आणि जिने?" डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

"हे दिवसभर वाकून उभे असतात ना? चढू द्या की."

डॉक्टरांच्या बायकोने नवऱ्याच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि जिन्यांचा विषय मिटला. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "किंमत आमची आधीच बरीच खाली ठरली होती. त्या एजंटशी."

"त्याला आम्ही कामावरून काढलंय," बाई म्हणाल्या.

सौदा झाला. पहिल्या जाहिरातीतल्या किमतीतून फक्त ओलीचा खर्च वजा झाला. कागदांत काकांच्या नावाचं एक अक्षर चुकलेलं बाईंनी शोधून काढलं आणि दुरुस्त करून घेतलं. सह्या झाल्या, पेढ्यांऐवजी डॉक्टरांनी सगळ्यांना एकेक टूथब्रश दिला. काकांनी बाईंच्या हातात दोन टक्के ठेवले आणि ते मोजताना पहिल्यांदाच त्यांच्या पोटात दुखलं नाही.

निघताना डॉक्टर काकांपाशी आले. "काका, एक सांगू? पहिल्याच फोनला आम्ही पूर्ण किंमत द्यायला तयार होतो. कमी होईल का, हे मी आपलं सवयीने विचारलं, तर तुमचा एजंट रोज कमी कमी करत गेला. मग मला वाटायला लागलं, घरात काहीतरी खोट असणार."

काकू इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. काकाही हसले, जरा उशिरा.

आता काकू अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि दिवसातून कितीतरी वेळा ती एक पायरी उगाचच चढतात-उतरतात. काकांनाही नवं घर मानवलंय.

परवा काका काचेच्या खोलीत बसले होते तेव्हा एक तरुण ड्रायव्हर आत आला. टोपी काढून हातात धरली, इकडेतिकडे पाहिलं.

"काका, घर विकायचंय. तुमची मदत हवी होती."

काका सरळ बसले. इतकं सगळं होऊनही अखेर अनुभवाला किंमत आहे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी माइकचं बटण नीट तपासलं, घसा साफ केला आणि आपल्या सर्वांत भारदस्त आवाजात विचारलं, "बोल. काय मदत करू?"

"त्या बाईंचा नंबर द्या," ड्रायव्हर म्हणाला. "आणि कोणी विचारलं तर तुम्ही मला ओळखत नाही असं सांगा."